एचआयव्ही गप्प का बसतो?

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या नियमित घेणाऱ्यांच्या रक्तात एचआयव्ही बहुधा चाचणीत सापडतही नाही. गोळ्या बंद केल्या, की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा डोकं वर काढतो. तोवर तो काही सीडी४ पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये दडून असतो. त्याची जनुकं तिथं शाबूत असतात, फक्त त्यांची आरएनए प्रत निघत नाही.

ही प्रत काढतं आपल्याच पेशीतलं आरएनए पॉलिमरेज २ हे विकर (एन्झाइम). विषाणूच्या जनुकांवर ते काम सुरू करतं आणि साधारण ६० अक्षरांवर अडतं. तेवढा तुकडा स्वतःवरच दुमडतो. त्याला टार म्हणतात. विषाणूचं टॅट हे चिमुकलं प्रथिन टारला धरतं आणि पेशीतली सीडीके९ व सायक्लिन टी१ ही प्रथिनांची जोडी तिथं खेचून आणतं. सीडीके९ पॉलिमरेजच्या शेपटावर आणि त्याला रोखणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. अडसर सुटतो, नऊ हजारांहून अधिक अक्षरांची अखंड प्रत निघते. उंदराच्या सायक्लिन टी१मध्ये २६१व्या जागी माणसातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन आहे. एवढ्याशा फरकामुळे उंदराच्या पेशीत टॅटची डाळ शिजत नाही!

मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हे, की खुद्द टॅटवरही पेशीची विकरं अशाच रासायनिक खुणा करतात. टॅटमध्ये २८व्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट बसला, की टॅटची सीडीके९-सायक्लिन टी१ जोडीवरची पकड घट्ट होते. पी३०० विकरानं ५०व्या जागच्या लायसिनवर तो बसवला, की टॅट टारला सोडून पॉलिमरेजकडे जातं. सर्ट१ हे विकर तो गट काढून टाकतं आणि टॅट नव्या फेरीला मोकळं होतं. उलट पीआरएमटी६ या विकरानं शेजारच्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर मिथिल गट लावले, तर टारवरची पकडच ढिली पडते.

डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट काढले गेले, तर त्यामुळेही विषाणू गप्प राहतो. ते काढणाऱ्या विकरांना व्होरिनोस्टॅट हे औषध रोखतं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ रुग्णांच्या पेशींमध्ये एका मात्रेनं विषाणूचा आरएनए वाढला. पुढच्या चाचण्यांत मात्र दडलेल्या विषाणूचा साठा फारसा घटला नाही. विषाणू जागा झाला म्हणून पेशी आपोआप मरत नाही. शिवाय विश्रांतीतल्या सीडी४ पेशींमध्ये सायक्लिन टी१ मुळातच कमी असतं, त्यामुळे नुसते हिस्टोन सैल करून भागत नाही.