साथकाळातील स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार (महाराष्ट्र)

साथकाळातील स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार : महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या सभा, निर्णय, खर्च आणि निवडणुका साथरोगाच्या काळात ज्या बदललेल्या अधिकारव्यवस्थेखाली चालतात, त्या व्यवस्थेचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रापुरते पाहता या विषयाचे दोन ठळक टप्पे दिसतात : १८९६ पासूनची प्लेगची साथ आणि २०२० ते २०२२ या काळातील कोविड-१९ ची साथ. दोन्ही वेळी पाणी, सफाई, दिवाबत्ती व दवाखाने ही कामे फारशी खंडित झाली नाहीत. निर्णयाची सत्ता मात्र निवडलेल्या सभागृहाकडून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सरकली आणि ती परत कधी व कशी यावी, याबद्दल वाद झाले.

कायद्याची चौकट : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असून, सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील विषय आहे. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी जोडलेल्या अकराव्या व बाराव्या अनुसूचींत आरोग्य व स्वच्छता हे विषय अनुक्रमे पंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. ते प्रत्यक्षात किती सोपवायचे हे राज्याचे विधिमंडळ ठरवते. साथीच्या वेळी याहून प्रभावी ठरतात ते दुसरेच दोन कायदे. साथरोग अधिनियम, १८९७ हा मूळचा अवघ्या चार कलमांचा कायदा असून त्याच्या दुसऱ्या कलमानुसार राज्य शासन कोणत्याही व्यक्तीला साथ रोखण्यासाठी उपाय योजण्याचा अधिकार देऊ शकते. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करण्याचे बंधन त्यात नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये मात्र लोकप्रतिनिधीला एक जागा आहे. त्याच्या कलम २५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो आणि स्थानिक संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. कोविडकाळातील जिल्हा पातळीवरचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघत राहिले, हे लक्षात घेता ही जागा बहुधा नाममात्रच राहिली असे म्हणावे लागते.

प्लेगचा पूर्वेतिहास : मुंबईतील प्लेगच्या आरंभाची तारीख निश्चित करता येत नाही. मांडवी भागात ऑगस्ट १८९६ च्या सुमारास रोगी आढळू लागले असावेत. पण नोंदीच्या दृष्टीने २३ सप्टेंबर १८९६ ही तारीख धरली जाते. त्या दिवशी मूळचे गोमंतकीय व महापालिकेचे सदस्य असलेले डॉ. अकासिओ विएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे जाहीर केले. म्हणजे साथीची पहिली अधिकृत वाच्यता सरकारी खात्यातून न होता महापालिकेच्या सदस्याकडून झाली. पहिले उपायही १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाच्या आधारेच योजले गेले : आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये त्या अधिनियमातील विशेष उपायांच्या कलमाखाली घरझडती व रुग्णांचे सक्तीचे स्थलांतर यांची अधिसूचना काढली. शहरात प्रक्षोभ माजला, लोक शहर सोडून जाऊ लागले, सफाई कामगारही निघून जातील अशी धास्ती निर्माण झाली आणि अधिसूचनेची धार कमी करावी लागली. सफाई कामगार गेले असते तर महापालिका खरोखरच बंद पडली असती. पालिकेचे सर्वांत दुर्बल मानले जाणारे कर्मचारी साथीत सर्वांत निर्णायक ठरतात, ही गोष्ट तेव्हाच्या अधिकाऱ्यांना नीट कळलेली होती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमून मुंबईतील प्लेगविषयक अधिकार तिच्याकडे देण्यात आले. आयुक्त या समितीचे सदस्य होते, सभागृह मात्र बाजूला पडले. हा अधिनियम का करावा लागला, याबद्दल मतभेद आहेत. महापालिकेची दिरंगाई व सदस्यांचा सौम्यपणा यांमुळे सरकारला हात घालावा लागला, असा सूर तत्कालीन सरकारी लिखाणात आढळतो. दुसऱ्या मतानुसार खरे कारण बाहेरचे होते : भारतीय मालावर व प्रवाशांवर युरोपीय राष्ट्रे निर्बंध घालू लागली होती आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती, तेव्हा कठोर उपाय योजले जात आहेत हे जगाला दाखविणे साम्राज्याच्या व्यापाराला आवश्यक होते. परिषद आणि अधिनियम यांच्या तारखा इतक्या जवळच्या आहेत की दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय महापालिकेजवळ सक्तीचे अधिकार नव्हते असे नाही. ते वापरल्याने शहर रिकामे होते, हा अनुभव तिने ऑक्टोबरमध्येच घेतला होता.

पुण्यात नगरपालिकेचे अस्तित्व आणखी गौण झाले. साताऱ्याचे सहायक जिल्हाधिकारी रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेला हल्ला व त्यापुढील इतिहास सर्वपरिचित आहे. येथे प्रस्तुत असलेली गोष्ट ही की, त्यानंतर प्लेगनिवारणाच्या धोरणात स्थानिक पुढाऱ्यांचे सहकार्य घेण्याकडे कल झाला आणि मुंबईत १८९८ मध्ये प्लेगविषयक काम पुन्हा महापालिकेकडे आले. मात्र त्याच वर्षी शहरसुधारणेसाठी मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, ते १९३३ मध्ये महापालिकेत विलीन होईपर्यंत टिकले. साथीच्या निमित्ताने सभागृहाबाहेर गेलेला एक अधिकार परत यायला अशा रीतीने सुमारे ३५ वर्षे लागली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत प्लेगकाळातील सक्तीच्या उपायांचा फारसा अवलंब झाला नाही. मदतकार्याचा मोठा भार स्वयंसेवी व ज्ञातिसंस्थांनी उचलला.

कोविड-१९ : महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. राज्याने १३ मार्चला साथरोग अधिनियम लागू केला आणि दुसऱ्या दिवशी काढलेल्या विनियमांनुसार आरोग्य संचालकांबरोबरच विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना अधिकार दिले. महापौर, नगराध्यक्ष, जिल्हा परिषद अध्यक्ष किंवा सरपंच यांचा त्या यादीत समावेश नव्हता. यात नवल नाही, कारण महाराष्ट्रातील महापालिका अधिनियमांनी कार्यकारी सत्ता मुळातच राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे ठेवली आहे. ‘स्थानिक स्वराज्य’ या नावातील दुसऱ्या शब्दाची मर्यादा येथे दिसते.

मुंबईत स्थायी समितीने मार्च २०२० मध्ये आयुक्तांना साथनिवारणाच्या खर्चाचे विशेष अधिकार दिले. त्यामुळे निविदा व पूर्वमंजुरी यांच्या नेहमीच्या वाटेने न जाता औषधे, उपकरणे व तात्पुरती रुग्णालये यांवर तातडीने खर्च करता आला. पुढे या खर्चाच्या तपासणीवरून वाद झाला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याकडे राज्य शासनाने मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांची विशेष लेखापरीक्षा सोपविली होती. त्यांपैकी सुमारे ३,५०० कोटी रुपयांच्या कोविडविषयक खर्चाची कागदपत्रे देण्यास महापालिकेने साथकाळातील कायद्यांचा आधार घेऊन नकार दिला. तो भाग वगळून झालेला अहवाल २०२३ मध्ये विधिमंडळात सादर झाला.

प्रत्यक्ष कामकाजाचे केंद्र मुख्यालयाऐवजी मुंबईची २४ विभाग कार्यालये बनली. मे २०२० मध्ये इक्बालसिंह चहल आयुक्तपदी आल्यानंतर प्रत्येक विभागात ‘वॉर रूम’ उभारण्यात आली आणि रुग्णाला खाट देण्याचे काम मध्यवर्ती नियंत्रण कक्षाकडून त्या कक्षांकडे गेले. प्रयोगशाळांचे बाधित अहवाल थेट रुग्णाला न देता प्रथम महापालिकेकडे यावेत, असा आदेश याच काळात निघाला. घाबरलेले रुग्ण लक्षणे नसतानाही खाटा अडवितात, हे त्यामागील कारण सांगितले जाई. अहवाल रुग्णालाही मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले. धारावी ज्या विभागात मोडते त्या जी-उत्तर विभागाचे काम सर्वांत अधिक चर्चिले गेले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. घरातच अलगीकरण अशक्य असल्याने शाळा, सभागृहे व क्रीडासंकुले ताब्यात घेण्यात आली, सार्वजनिक शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण झाले आणि खाजगी डॉक्टरांना तपासणीत सामील करून घेण्यात आले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला. (शासकीय मराठीत बाधिताला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि संशयिताला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण असा भेद करण्याचा प्रयत्न झाला, तो आदेशांतही नेहमी पाळला गेला नाही आणि लोकांनी दोन्हींना ‘क्वारंटाइन’ म्हटले.)

सर्वसाधारण व स्थायी समितीच्या सभा दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्याची मुभा देण्यात आली. अशा सभेत मतविभागणी कशी घ्यायची, ध्वनी बंद केलेल्या सदस्याला बोलण्याची संधी नाकारली असे मानायचे का, हे प्रश्न अनेक महापालिकांत विरोधी सदस्यांनी उपस्थित केले.

ग्रामीण भागात सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांच्या समित्या काम पाहत. बाहेरून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवले जाई. आरंभी अनेक गावांनी झाडे-फांद्या टाकून वेशी बंद केल्या, त्याला कायद्याचा आधार क्वचितच होता. ऑगस्ट २०२० मधील गणेशोत्सवापूर्वी कोकणातील ग्रामपंचायतींनी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी १४ दिवसांच्या अलगीकरणाची अट घातली आणि शासनाने ती १० दिवसांवर आणली, तेव्हा गावाचा ठराव व शासनाचा आदेश यांतील अंतर उघड झाले. ग्रामसभा दीर्घकाळ स्थगित होत्या, त्यामुळे असे ठराव गावाचे म्हणून ओळखले गेले तरी ते बहुधा मोजक्या पदाधिकाऱ्यांचेच होते. दुसऱ्या लाटेच्या वेळी अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाच्या नियोजनाची दखल घेतली गेली आणि जून २०२१ मध्ये राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर करून प्रत्येक महसूल विभागात ५०, २५ व १५ लाख रुपयांची बक्षिसे ठेवली.

प्रशासकाचा प्रश्न : घटनेच्या अनुच्छेद २४३-ङ व २४३-प यांनुसार पंचायत व नगरपालिका यांची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे असते, त्याहून अधिक नसते आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका (२००६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला नैसर्गिक आपत्तीसारख्या असाधारण परिस्थितीपुरताच अपवाद मानला. साथ हा असा अपवाद असल्याबद्दल फारसे दुमत नव्हते. राज्य निवडणूक आयोगाने मार्च २०२० मध्ये निवडणुका पुढे ढकलल्या. मुदतवाढ देता येत नाही आणि निवडणूकही घेता येत नाही, तर मधल्या काळात कारभार कोणी पाहावा, हा खरा प्रश्न होता. महापालिका व नगरपालिकांवर अधिकारी नेमण्याची प्रथा रुळलेली असल्याने औरंगाबाद, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर व कल्याण-डोंबिवली येथे २०२० मध्ये सभागृहांच्या मुदती संपताच प्रशासक आले.

ग्रामपंचायतींची गोष्ट निराळी होती. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १५१ मध्ये जून २०२० च्या अध्यादेशाने साथीच्या कारणास्तव प्रशासक नेमण्याची तरतूद जोडण्यात आली. १३ जुलैच्या शासन निर्णयात गावातील ‘योग्य व्यक्ती’ची नेमणूक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने करावी, असे म्हटले होते. हजारो गावांसाठी पुरेसे अधिकारी नाहीत, हे शासनाचे म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने निराधार नव्हते. तथापि पालकमंत्र्यांच्या सल्ल्याची अट घातल्याने नेमणुकांना पक्षीय रंग येणार, हा आक्षेप अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी घेतला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. शासकीय वा स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतील व्यक्तीलाच प्राधान्य द्यावे, अशा आशयाच्या अंतरिम आदेशानंतर प्रामुख्याने विस्तार अधिकाऱ्यांकडे हे काम आले. मुदत संपलेल्या सरपंचालाच काळजीवाहू ठेवावे, हा सूचविला गेलेला पर्याय व्यवहार्य होता. पण ‘त्याहून अधिक नाही’ या शब्दांपुढे तो टिकला असता असे वाटत नाही. एप्रिल ते जून २०२० मध्ये मुदत संपलेल्या १,५६६ आणि जुलै ते डिसेंबरमध्ये मुदत संपलेल्या १२,६६८, अशा एकूण १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान ठरले. राज्यातील एकूण ग्रामपंचायतींच्या हे जवळजवळ निम्मे होते.

गोव्यात २२ मार्च २०२० रोजी ठरलेली जिल्हा पंचायतींची निवडणूक १२ डिसेंबर २०२० रोजी झाली. तेथील नगरपालिकांच्या आरक्षणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी, राज्य निवडणूक आयुक्ताचे पद शासकीय सेवेतील व्यक्तीकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून देता येत नाही, असा निर्णय दिला.

महाराष्ट्रातील नागरी संस्था व जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका साथ ओसरल्यानंतरही दीर्घकाळ झाल्या नाहीत. हा विलंब साथीच्या खात्यावर टाकण्याची प्रवृत्ती दिसते, ती बरोबर नाही. त्याचे मुख्य कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी दिलेला निर्णय व त्यानंतर प्रभागरचनेवरून झालेले वाद हे होय. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. १८८८ च्या अधिनियमात अशा प्रसंगासाठी तरतूद नसल्याने दुरुस्ती करून आयुक्त चहल यांनाच प्रशासक नेमण्यात आले. मुंबईवर प्रशासक येण्याची १९८४-८५ नंतरची ही पहिलीच वेळ होती. चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला. साथीमुळे मे २०२० मध्ये नवी मुंबईत आलेल्या प्रशासकीय राजवटीला तोवर पाच वर्षे, म्हणजे सभागृहाची एक पूर्ण मुदत, होत आली होती.