नवीन कलेक्शनचे पॅटर्न करून घेताना : ग्राहकांसाठी माहिती

सांगली, मिरज आणि विट्याकडून स्वतःच्या नावाने कुर्ते किंवा लहान मुलांचे कपडे विक्रीस आणू इच्छिणारे ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र असते आणि गाडीत आधीच खरेदी केलेले तागे असतात. तागे घेण्यापूर्वी एकदा पॅटर्न, म्हणजे कापड कापण्यासाठीचे कागदी साचे, आखणाऱ्या मास्तरांशी बोलावे, अशी आमची विनंती आहे. छायाचित्रात गळ्याचा आकार दिसतो. घेर किती आणि मुंढा (बाही जोडली जाते तो भाग) किती खोल, हे दिसत नाही. म्हणून ज्याची फिटिंग आपल्याला पसंत आहे असा एक शिवलेला कपडा सोबत आणावा. तो उसवला जात नाही, मापे घेऊन परत दिला जातो.

कापड इचलकरंजीहून आणा किंवा गणपती पेठेतून, आधी दोन मीटरच आणावे आणि पन्हा (कापडाची रुंदी) लिहून आणावा, कारण 58 इंची पन्ह्यावर नीट बसणारी मांडणी 44 इंची पन्ह्यावर तशीच बसत नाही आणि नगामागे कापड किती लागेल याचा हिशेबच बदलतो. त्या कापडावर 50 सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखून ते धुवावे, वाळवून इस्त्री करावी आणि उभ्या व आडव्या धाग्याकडून वेगवेगळे मोजावे. उभ्या बाजूने 48 सेंटिमीटर भरले, तर कापड 4 टक्के आटले, म्हणजे 44 इंच उंचीचा कुर्ता पहिल्या धुण्यातच पावणेदोन इंचांनी आखूड होणार. हे आधी कळले तर पॅटर्नची उंची पावणेशेहेचाळीस इंचांच्या थोडी वर धरता येते. कटिंग झाल्यावर कळले तर मास्तरांच्या हाती काही उरत नाही.

सर्वाधिक घोटाळा मापांच्या कागदावर होतो. ‘छाती 40’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते अंगाचे माप की तयार कपड्याचे, हे समजण्यास मार्ग नसतो. एकदा आम्हीच न विचारता ते तयार कपड्याचे माप धरले आणि ट्रायलला आलेल्या ताईंना कुर्ता घातल्यावर बटणे लावता येईनात. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर दोन स्वतंत्र रकाने आहेत. कृपया दोन्ही भरावेत.

पहिला नमुना आम्ही मांजरपाटात (साध्या कोऱ्या सुती कापडात) शिवतो. तो दर वेळी एकाच व्यक्तीच्या अंगावर पाहावा आणि ती व्यक्ती आपल्या मधल्या साइझची असावी. ‘जरा सैल करा’ असे सांगण्याऐवजी टाचण्या लावून किंवा पेन्सिलने खूण करून कुठे आणि किती, ते दाखवावे. एक बाब मुद्दाम सांगावीशी वाटते. हात वर केल्यावर कुर्ता वर ओढला जातो, तेव्हा ग्राहक मुंढा आणखी खोल करावयास सांगतात. परंतु मुंढा खोल असल्यामुळेच पुष्कळदा ही ओढ निर्माण होते आणि तो काखेजवळ घेतल्यास हात मोकळा होतो. अशा वेळी उपाय मास्तरांवर सोडावा, त्रास कोणता होतो तेवढे सांगावे.

मधला साइझ मंजूर झाल्यावरच ग्रेडिंग, म्हणजे त्यावरून बाकीचे साइझ आखणे, सुरू होते. छातीत दोन इंचांचा फरक ठेवायचा असल्यास पुढच्या-मागच्या प्रत्येक चौथाईत अर्धा इंच वाढतो, आणि त्याबरोबर मुंढा, बाही व गळाही बदलतात. त्यानंतर गळा बदलावयाचा झाल्यास तो सर्व साइझमध्ये पुन्हा आखावा लागतो व त्याचे शुल्क वेगळे पडते.

पॅटर्नच्या प्रत्येक तुकड्यावर डिझाइन क्रमांक, साइझ, उभ्या धाग्याची रेषा, किती नग कापायचे, शिलाईचे मार्जिन धरले आहे की नाही, आणि तारीख लिहिलेली असते. दुरुस्ती झाल्यावर जुना कागद आमच्याकडे परत द्यावा, कारण कारागिराच्या हाती दोन तारखांचे पॅटर्न पडले तर बाही एकाची आणि मुंढा दुसऱ्याचा असा माल तयार होतो.

अंतिम नमुना मूळ कापडात दोन नग शिवला जातो. दोन्हींवर तारखेची चिठ्ठी लावून सही घेतली जाते. एक आपल्याकडे राहतो, दुसरा कटिंगच्या टेबलाजवळ टांगला जातो.