एकही भाजक न तपासता सिद्ध झालेली मूळसंख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, हे एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, तेही हाताने आकडेमोड करून. थोडक्यात लिहायची तर ती २ चा १२७ वा घात उणे १.

या रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा पॅरिसमधला धर्मगुरू. २५७ पर्यंतचे कोणते घातांक घेतले की मूळसंख्या मिळते, याची यादी त्याने १६४४ मध्ये छापली. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ घेतला तर २०४७ येते, आणि ती २३ × ८९. मर्सेनने सिद्धता दिलीच नव्हती. यादीत ६७ आणि २५७ चुकून शिरले होते. ६१, ८९ आणि १०७ निसटले होते. १२७ मात्र बरोबर निघाला.

स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ ठरवली. तिला भाजक असलाच तर ६२ ने भागल्यावर त्याची बाकी १ उरायला हवी, त्यामुळे ४६,३४१ च्या आतले मोजकेच उमेदवार तपासायचे होते. १२७ ला ही वाट बंद. तिथे वर्गमूळच २० अंकी!

लुकासने भाजक शोधण्याचा नादच सोडला. त्याच्या कसोटीला डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ या संख्येवर करून बघा, ती २ चा ५ वा घात उणे १, म्हणून तीन पायऱ्या: ४, १४, ८, ०. घातांक १२७ असेल तर अशा १२५ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला ३९ अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. हे हाताने करणारा माणूस चिकाटीचाच म्हणायचा.

घातांक ६७ ची संख्या मूळ नाही, हेही लुकासने एकही भाजक हाती नसताना सांगितलं. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९०३ मध्ये दिले.

सर्वांत मोठ्या ज्ञात मूळसंख्येचा लुकासचा विक्रम १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं टिकला. १९५२ मध्ये राफेल रॉबिन्सन या गणितज्ञाने हीच कसोटी स्वॅक या सुरुवातीच्या अमेरिकन संगणकावर चालवली आणि त्या एका वर्षात पाच नव्या मर्सेन मूळसंख्या मिळाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे. ती ४ कोटींहून अधिक अंकांची आहे.

१२७ ची गंमत वेगळीच. २ घातांक घेतला की ३ मिळतात, ३ वरून ७, ७ वरून १२७ आणि १२७ वरून लुकासची संख्या; सगळ्या मूळ. हीच ३९ अंकी संख्या घातांक म्हणून घेतली तर पुढची कडी मूळ असेल का, हा कातालान या गणितज्ञाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिथे कसोटीच्या पायऱ्याच ३९ अंकी होतात.