नॉर्मपाथ आणि रिअलपाथ: दोन ठिपक्यांपाशी फुटणाऱ्या वाटा

जिल्ह्याचे नाव बदलले की सर्व्हरवरच्या डिरेक्टरीचेही बदलावे लागते. जुन्या स्क्रिप्ट मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहतात, म्हणून त्या नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद, ठेवली जाते. समजा, मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचे बाजारभाव ‘/डेटा’खाली आहेत: ‘/डेटा/लातूर’, ‘/डेटा/बीड’, ‘/डेटा/परभणी’ वगैरे. धाराशिवचा डेटा नव्या डिस्कवर ‘/साठा/२०२३/धाराशिव’ इथे हलवला आणि ‘/डेटा/उस्मानाबाद’ ही त्याकडे जाणारी सिमलिंक केली. आता हा पाथ पाहा (‘..’ म्हणजे एक पायरी वर):

/डेटा/उस्मानाबाद/../लातूर/तूर.सीएसव्ही

पाथ सरळ करून देणारी दोन फंक्शने आहेत. पायथनचे नॉर्मपाथ याचे ‘/डेटा/लातूर/तूर.सीएसव्ही’ करते. रिअलपाथ सांगते ‘/साठा/२०२३/लातूर/तूर.सीएसव्ही’. फाइल उघडताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, रिअलपाथच्याच वाटेने जातो. तिथे लातूर नावाचे काही नसेल तर ‘अशी फाइल नाही’ अशी एरर येते, आणि एरर आली तर नशीब समजा. कुणी तिथे लातूरची जुनी प्रत ठेवलेली असेल, तर प्रोग्राम गेल्या हंगामातले तुरीचे भाव मुकाट्याने वाचत राहील.

नॉर्मपाथ डिस्ककडे बघतच नाही. त्याच्यासाठी पाथ म्हणजे नुसती स्ट्रिंग: ओळीने आलेल्या तिरप्या रेघांची एक करायची, एकटा ठिपका गाळायचा, दोन ठिपके आले की आधीचे नाव खोडायचे. गो भाषेतले क्लीन, नोडमधले नॉर्मलाइझ, जावातले पाथचे नॉर्मलाइझ, सी प्लस प्लसमधले लेक्सिकली-नॉर्मल ही सगळी याच घराण्यातली. रस्टने इथे मुद्दाम हात आखडता घेतला आहे: पाथचे घटक पाडताना तो जादा रेघा आणि मधले एकटे ठिपके गाळतो, पण ‘..’ला हात लावत नाही. आमच्या मते तेच बरोबर.

कर्नलचे काम निराळे. पाथ तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर रूटपासून, नाहीतर चालू डिरेक्टरीपासून तो एकेक नाव घेत पुढे सरकतो. प्रत्येक पायरीवर पाहतो की आत्ता उभे आहोत ती डिरेक्टरीच आहे ना, तिच्यातून जायची, म्हणजे ‘एक्स’ची, परवानगी आहे ना, आणि हे नाव तिच्यात आहे ना. तिन्हींच्या एरर वेगवेगळ्या आहेत: ई-नॉट-डिर, ई-अ‍ॅक्सेस, ई-नो-एंट. मधले नाव सिमलिंक निघाले तर तिच्यातला मजकूर त्या जागी घालून चाल पुढे चालू राहते. तो मजकूर सापेक्ष असेल तर लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून धरला जातो; लिंक बनवताना तुम्ही कुठे बसला होता याला किंमत नाही, आणि तुटक्या लिंका बहुधा इथेच जन्मतात. लिनक्समध्ये एका पाथमागे ४० सिमलिंकांची मर्यादा आहे, त्यापुढे ई-लूप ही एरर. आणि ‘..’ म्हणजे या क्षणी जिथे पोचलो तिथली वरची डिरेक्टरी. आधीच्या नावाशी त्याचा संबंध नाही. दोघांची फारकत होते ती इथेच.

टर्मिनलवर हे लगेच दिसते. ‘सीडी’ने ‘/डेटा/उस्मानाबाद’मध्ये जाऊन ‘एलएस ..’ केले की ‘/साठा/२०२३’ची यादी येते, पण ‘सीडी ..’ केले की तुम्ही ‘/डेटा’त येता. कारण शेल (टर्मिनलवर आज्ञा घेणारा प्रोग्राम) तुम्ही आलात ती वाट लक्षात ठेवते आणि ‘सीडी’ला तीच स्ट्रिंग पुरवते. खरी जागा हवी तर ‘पीडब्ल्यूडी’ला मोठ्या ‘पी’चा पर्याय द्यावा.

सिमलिंक नसली तरी नॉर्मपाथ निर्धोक नाही. ‘/डेटा/नसलेली/../बीड’ कर्नलला दिला तर एरर येते, नॉर्मपाथ मात्र तो सुरळीत ‘/डेटा/बीड’ करून देते आणि चूक झाकली जाते. शेवटची तिरपी रेघही ते उडवते. ‘/डेटा/उस्मानाबाद/’ म्हणजे लिंकेपलीकडची डिरेक्टरी, आणि रेघ नसली तर प्रसंगी खुद्द लिंक. ‘एलएस -एल’ दोन्ही प्रकारे चालवून पाहा. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये तर स्रोताच्या शेवटी रेघ आहे की नाही, यावर आतला माल जाणार की डिरेक्टरीसकट जाणार हे ठरते.

मग नॉर्मपाथ लागते कुठे? जिथे फाइल सिस्टीमच नाही तिथे: झिपमधल्या नोंदींची नावे, यूआरएल, लॉगमध्ये छापायचा मजकूर, दुसऱ्या मशीनवरचे पाथ.

रिअलपाथलाही डोळे झाकून मान डोलावू नये. सी भाषेतले रिअलपाथ आणि रस्टचे कॅननिकलाइझ यांना पाथमधले सगळे घटक अस्तित्वात असावे लागतात, त्यामुळे नवी फाइल बनवायची असेल तर आधी तिची डिरेक्टरी उलगडून मग शेवटचे नाव जोडावे. पायथनचे रिअलपाथ मूळच्या वागण्यात नसलेल्या घटकावरून तसेच पुढे जाते, म्हणजे अर्धे नॉर्मपाथच होते, ३.१० पासून ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय आहे, तो ट्रू करावा. उलगडलेला पाथ कॉन्फिगमध्ये लिहून ठेवणेही महागात पडते. ‘चालू’ नावाची लिंक ‘आवृत्ती-१२’वरून ‘आवृत्ती-१३’वर फिरवली तरी तुमचा प्रोग्राम बाराव्यालाच धरून बसेल. दोन पाथ एकाच फाइलचे आहेत का, हेही रिअलपाथने ठरवू नका. हार्डलिंक (त्याच फाइलचे दुसरे नाव) किंवा बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही जोडणे) असेल तर उत्तर चुकते. स्टॅट (फाइलची माहिती देणारा कॉल) करून डिव्हाइस आणि आयनोड (त्या डिव्हाइसवरचा फाइलचा क्रमांक) हे दोन्ही आकडे ताडून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘पाथ या डिरेक्टरीबाहेर जात नाही ना’ हे तपासताना. नेहमीचा कोड असा: नॉर्मपाथ करा, स्ट्रिंग ‘/डेटा/लातूर’ने सुरू होते का बघा, मग उघडा. पहिले भोक म्हणजे ‘/डेटा/लातूर-जुने’ हाही पास होतो. तुलनेत शेवटची रेघ धरायलाच हवी. दुसरे, आत कुणी बाहेर जाणारी सिमलिंक ठेवली तर नॉर्मपाथला पत्ता लागत नाही. नॉर्मपाथऐवजी रिअलपाथ घातले की ही दोन्ही जातात असे वाटते, पण पहिले तसेच राहते, आणि तपासणे व उघडणे यांच्या मधल्या क्षणात कुणी डिरेक्टरीच्या जागी लिंक ठेवली तर दुसरेही. उघडताना सिमलिंक नाकारणारा ओ-नोफॉलो हा फ्लॅग पुरत नाही, कारण तो फक्त शेवटचे नाव पाहतो. लिनक्स ५.६ पासून ओपन-अ‍ॅट-२ हा सिस्टीम कॉल आहे. मूळ डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (ती उघडल्यावर मिळणारा क्रमांक) आणि रिझॉल्व्ह-बिनीथ हा फ्लॅग दिला की तपासणी आणि उघडणे एकाच चालीत होते. चाल बाहेर पडू लागली की ई-एक्स-डेव्ह ही एरर येते. गोमध्ये १.२४ पासून ओएस पॅकेजातला रूट हा प्रकार याच कामाचा.

विंडोज इथे नेमके उलटे वागते: नेहमीचा पाथ दिला तर ‘..’ फाइल सिस्टीमपर्यंत पोचण्याआधीच स्ट्रिंगमधून खोडले जातात. त्यामुळे विंडोजवर बरोबर चाललेला कोड लिनक्सवर दुसरीच फाइल उघडू शकतो.

फाइलींना मराठी नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते मात्रा किंवा हलंत का असेना, ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. शिवाय ‘शेतकऱ्यांची-यादी’ आणि ‘शेतकर्‍यांची-यादी’ डोळ्यांना सारखी दिसली तरी पहिलीत ‘ऱ’ आहे, दुसरीत ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. बाइट वेगळे, म्हणून फाइली वेगळ्या. नॉर्मपाथ हा फरक मिटवत नाही, रिअलपाथ मिटवत नाही, आणि अक्षरे एका ठरावीक रूपात आणणारे युनिकोडचे एनएफसीही नाही. नाव डिस्कवर लिहिण्याआधी दुसरे रूप शोधून पहिले घालणारी ओळ आपल्याच कोडमध्ये लिहावी लागते.