बडोदेकराला मत असतंच

नव्या मराठी सिनेमाचा ट्रेलर, महापालिकेचं बजेट आणि फोनचं ताजं अपडेट या तिन्हींवर एका दमात मत देणारी माणसं पाहायची असतील, तर दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात सेव-उसळीच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहावं. मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीत संपतं, मधेच कुणीतरी उसळीवरची आणखी तर्री मागून घेतो आणि मोबाइल हातोहात फिरत असतो. हे सगळं स्वस्त इंटरनेटमुळे झालं, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. मला ते पटत नाही. चित्र, राजकारण आणि यंत्र यांची गाठ बडोद्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पडली, आणि ती घालून देण्यात सरकारवाड्याचाच, म्हणजे गायकवाडांच्या दरबाराचाच, हात होता.

सुरुवात रविवर्म्यापासून करावी लागते. सयाजीराव गायकवाडांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून पुराणप्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. ती दरबार हॉलमध्ये लागण्याआधी लोकांना पाहायला खुली ठेवली, तेव्हा गर्दी लोटली. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी रविवर्म्याला आधीच सुचवलं होतं की, चित्रांच्या छापील प्रती काढा, मागणी पुरी करायला दोन हात पुरणार नाहीत. 1894 मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि राजवाड्यातल्या देवता काही वर्षांत चाळीतल्या खोलीत खिळ्याला टांगल्या गेल्या. लक्ष्मी अशीच दिसते की नाही, यावर घरोघरी बोलता येऊ लागलं. याच काळात, 1890 मध्ये, बडोद्यात कलाभवन निघालं. चित्रकला, रंगकाम, यंत्रकाम एका छताखाली शिकवणारी ही संस्था. दादासाहेब फाळके इथं शिकले, पुढे रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं आणि 1913 मध्ये पडद्यावर हलती चित्रं आणली. मराठी सिनेमाचा इतिहास सांगताना आपण मुंबई-नाशिक करतो आणि बडोद्याला एका ओळीत उरकतो, हा अन्याय आहे.

राजकीय मताची गोष्ट जरा वेगळी. 1893 मध्ये विलायतेहून आलेला एक तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला: अरविंद घोष. त्याच वर्षी मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या इंग्रजी-मराठी पत्रात त्यांची एक निनावी लेखमाला सुरू झाली. काँग्रेस मूठभर शिकलेल्यांची आहे, अर्जविनंत्यांनी काही होणार नाही, असा तिचा सूर. फिरोजशहा मेहतांनाही त्यांनी सोडलं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं, लेखांचा आवाज खाली आला आणि मालिका काही महिन्यांत आटोपली. लेखक बडोद्यात, पत्र मुंबईत आणि खाली सही नाही. टोपणनावाच्या अकाउंटवरून आज जे चालतं त्याची ही सोवळ्यातली आवृत्ती म्हणायला हरकत नाही, फक्त मजकूर कितीतरी सकस.

मात्र लोकांच्या हाती वाचायला काही दिल्याशिवाय मतं पिकत नाहीत, हे सयाजीरावांना नेमकं उमगलं होतं. आधी अमरेली भागात 1893 मध्ये आणि मग 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन हे ग्रंथपाल आले आणि मोफत वाचनालयांचं जाळं विणायला सुरुवात झाली. बोर्डन 1913 मध्ये परतल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सांभाळलं. पुस्तकं पेटाऱ्यांत भरून खेड्यापाड्यांत जायची. ग्रंथालय खात्याचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचं. मला सगळ्यात गंमत वाटते ती त्याच खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेची: मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि सिनेमाचं यंत्र घेऊन सरकारी माणसं फुकट खेळ दाखवत फिरायची. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या मधले मजले काचेचे आहेत. वरच्या मजल्यावरचा उजेड थेट खाली झिरपतो, आणि वर कुणी चाललं की खालच्याला त्याच्या चपलांचे तळ दिसतात.

आता ज्यानं प्रजेला सिनेमा दाखवायचं खातं चालवलं, त्याच राजावर सिनेमा उलटला, तो प्रसंग. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांना संस्थानिकांनी क्रमानं मुजरा करायचा होता. निजामानंतर बडोद्याचा मान. सयाजीराव पुढे आले ते भरजरी थाटाशिवाय, हातात काठी. तीन वेळा लवून पाठ न दाखवता मागे सरकायचं, हा रिवाज. ते एकदा झुकले, थोडे मागे सरले आणि वळून चालू लागले. काही सेकंदांचा मामला. एरवी याची दरबारी कुजबुज झाली असती आणि विषय तिथंच मिटला असता. पण मैदानावर सिनेमाचे कॅमेरे होते. काही आठवड्यांत ते तुकडे इंग्लंडच्या चित्रपटगृहांत दिसू लागले आणि वर्तमानपत्रांत मतांचा पाऊस पडला. गायकवाडांनी राजाचा अपमान केला का, हे मूळ. त्याला राष्ट्रवाद्यांशी त्यांच्या जवळिकीचा जुना संशय चिकटलेला होताच.

सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना दिलगिरीचं पत्र लिहिलं. आपण गोंधळलो, पुढच्याचं नीट पाहायला मिळालं नाही, असा त्यातला खुलासा. तेही छापून आलं. त्यानं भागलं नाही, कारण पत्र वाचणाऱ्यांपेक्षा चित्र पाहणारे जास्त होते. बडोद्यातल्या घराघरांत मात्र या दिलगिरीवर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. महाराजांनी मुद्दाम पाठ फिरवली, हीच गोष्ट आजोबांकडून नातवंडांकडे आली. तो तुकडा आज कुणालाही मोबाइलवर सापडतो. मी बऱ्याचदा पाहिला आहे. धूसर आहे. उद्दामपणा शोधणाऱ्याला उद्दामपणा दिसतो, धांदल शोधणाऱ्याला धांदल. क्लिप पाहून माणसाचं अंतरंग ठरवायची आजची घाई या शहरानं आपल्याच राजाच्या बाबतीत सोसलेली आहे, आणि तरी गाडीपाशी कुणाचा व्हिडिओ आला की निकाल द्यायला आपण सगळ्यात पुढे.

रेडिओचं थोडक्यात सांगतो. बडोदे संस्थानचं स्वतःचं नभोवाणी केंद्र होतं. स्वातंत्र्यानंतर ते आकाशवाणीत गेलं आणि 1949 मध्ये संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं. 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं. मराठी माणूस इथं राज्यकर्त्यांच्या भाषेचा होता, तो अल्पसंख्य झाला. मत मात्र पूर्वीइतक्याच मोठ्यानं देत राहिला.

टीव्हीनं तर कहर केला. जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा रावपुऱ्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. चार वर्षांनी, 1991 च्या लोकसभा निवडणुकीत, त्यातली सीता दीपिका चिखलिया भाजपच्या तिकिटावर बडोद्यातून उभी राहिली. समोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड, राजघराण्यातले, दोनदा निवडून आलेले, स्वतः चित्रकार. सीता जिंकली. गायकवाडांच्या संग्रहात रविवर्म्याची धरणीत सामावणारी सीता होती. पडद्यावरच्या सीतेनं त्याच घराला मतपेटीत हरवलं. लोक टीव्हीला भुलले, असं यावर सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. मंदिराचं राजकारण तापलेलं होतं, काँग्रेसवर राग होता, आणि राजघराण्याबद्दलचा आदर मतदानापर्यंत नेलाच पाहिजे असं लोकांना वाटेनासं झालं होतं. त्यातही गंमत अशी की 1996 मध्ये याच मतदारसंघानं काँग्रेसच्या सत्यजितसिंह गायकवाडांना अवघ्या 17 मतांनी निवडून दिलं, आणि 2014 मध्ये नरेंद्र मोदींना 5 लाख 70 हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली.

मार्च 2020 मध्ये लॉकडाउनात दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉलेजातली पोरं बाणांच्या ट्रिक सीन्सची थट्टा करत होती, आणि आत्या-मावश्या त्यांना 1991 मध्ये आपण कुणाला मत दिलं आणि का, ते व्हॉइस मेसेजवर बजावून सांगत होत्या.