नव्या क्लॅरिनेटवर वाजवू काय? फुकट आणि खरोखर सोपे संगीत निवडण्यासाठी
(बी फ्लॅट क्लॅरिनेट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शिकण्याची पुस्तके आम्हीही विकतो, पण पहिल्या सहा महिन्यांत ती घ्यायलाच हवीत असे नाही. कायदेशीररीत्या फुकट मिळणारे संगीत भरपूर आहे. अडचण आहे ती निवडीची. ‘सोपे’ म्हणून मिळणारे बरेच कागद पियानोला किंवा बासरीला सोपे असतात, क्लॅरिनेटला नाही.

स्टाफ नोटेशनच्या (पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या) पाच रेषांपैकी मधली रेष पाहा. सुरांना इथे ए, बी, सी अशी अक्षरे असतात. तिच्या खालच्या जागेतला ए वाजवताना जवळजवळ सगळी बोटे मोकळी असतात. लगेच वरचा, मधल्या रेषेवरचा बी वाजवायला मात्र दोन्ही हातांची भोके एकदम बंद करून शिवाय अंगठ्याने रजिस्टर की (वरच्या टप्प्यातले सूर काढणारी चावी) दाबावी लागते. सूर एकच पुढचा, पण हालचाल सगळ्या हातांची. यालाच ‘ब्रेक’ म्हणतात. एखादे बोट जरा उशिरा पोहोचले तरी ‘चीं’ होते. म्हणून सुरुवातीला मधल्या रेषेवर किंवा तिच्या वर सूर असलेला कागद सरळ बाजूला ठेवा.

रेकॉर्डरची (बासरीसारख्या सोप्या फुंकवाद्याची) प्राथमिक पुस्तके इथेच फसवतात. त्यांचे पहिले तीन सूर बी, ए आणि जी. रेकॉर्डरवर ती तीन बोटांची गंमत, क्लॅरिनेटवर नेमकी ब्रेकवरची कसरत. क्लॅरिनेटचा पहिला धडा ई, डी, सी असा खाली उतरणारा असावा. ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल सीपासून लिहिलेली असेल तर ती एच्या वर जात नाही, म्हणून चालते. तीच जीपासून लिहिलेली मिळाली तर सोडून द्या.

मराठी माणसाच्या हाताशी आणखी एक खजिना आहे, आणि आमच्या मते सुरुवातीला तोच सर्वांत उपयोगी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचा पहिला भाग आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेला मिळतो. पंडितजींचे निधन १९३६ साली झाले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे उतरवून घ्यायला हरकत नाही. त्यातल्या सरगमी घ्या, बंदिशींचे शब्द तूर्त सोडा. चिन्हे थोडीच आहेत: स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब मंद्र, वर टिंब तार.

आता ‘सा’ कुठे धरायचा? खालच्या जीवर: डावा अंगठा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटे बंद. असे धरले की तार षड्ज म्हणजे सगळी बोटे मोकळी असलेला जी. म्हणजे अख्खे सप्तक ब्रेकच्या खाली बसते. भूप रागाने सुरुवात करा. सा जी, रे ए, ग बी (उजव्या हाताचे फक्त मधले बोट), प डी, ध ई. मंद्र धैवत हा वाद्याचा सर्वांत खालचा सूर, तोही मिळतो. मंद्र पंचम मात्र मिळणार नाही, वाद्य तिथे संपते. वरच्या बाजूला तार ऋषभापर्यंत जा, तार गांधार आला की ब्रेक आलाच. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला जी प्रत्यक्षात एफ ऐकू येतो, म्हणून तानपुऱ्याच्या मोफत ॲपमध्ये पट्टी एफ, म्हणजे पांढरी चार, लावा. मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र किंवा ॲप) ६० वर ठेवून आधी प्रत्येक स्वर चार मात्रा धरा, मग सरगम एका मात्रेला एक स्वर.

स्टाफ नोटेशन वाचायला शिकायचे असेल तर आयएमएसएलपी हे हक्क संपलेल्या जुन्या संगीताचे संकेतस्थळ पाहा. तिथे क्लोझे यांचे क्लॅरिनेट शिकण्याचे पुस्तक आहे (इंग्रजीत के, एल, ओ, एस, ई अशी अक्षरे टाकून शोधा). १८४३ सालचे, पण बोम पद्धतीच्या (चाव्यांची आजची प्रचलित रचना असलेल्या) वाद्यासाठीच लिहिलेले. पुस्तक जाडजूड आहे आणि लवकर अवघड होते. पूर्ण छापू नका, सुरुवातीचे पाठ पुरे. बेअरमान यांच्या स्केल्सची (सुरांच्या चढ-उताराच्या सरावांची) सगळेच स्तुती करतात, पण पहिल्या वर्षी त्या नकोत. फाइल उतरवताना काही सेकंद थांबावे लागते. तोवर शेजारी चमकणारी ‘डाउनलोड’ची बटणे जाहिरातींची असू शकतात.

चित्रपटगीतांच्या फुकट पीडीएफपासून सावध राहा. गाण्यावर हक्क शिल्लक असेल तर सोपी केलेली आवृत्तीही परवानगीशिवाय वाटता येत नाही, आणि सुरांच्या चुकाही त्यातच जास्त सापडतात.

एकट्याने वाजवताना कागद कोणत्या पट्टीत आहे याने फरक पडत नाही. पेटीसोबत वाजवताना पडतो. क्लॅरिनेटवर लिहिलेला सी म्हणजे पेटीची काळी पाच. साथीदार पांढरी एकमध्ये गात असेल तर तुमचा सा डीवर, काळी एकला ई फ्लॅटवर, काळी दोनला एफवर.

घरातले जुने किंवा बँडमधले वाद्य असेल तर बोटांचा तक्ता उतरवण्याआधी चाव्या मोजा. १७ चाव्या आणि (भोकांभोवतीच्या) ६ कड्या म्हणजे बोम. चाव्या १३ च्या आसपास आणि कड्या कमी असतील तर बहुधा जुनी अल्बर्ट पद्धत. तिला बोमचा तक्ता लावला तर काही सूर बेसूरच येतील, तुमचा दोष नसताना.

खालच्या जीवर ‘चीं’ होत असेल तर संगीत बदलून उपयोग नाही. उजव्या हाताची बोटे टोकाने नव्हे, पेराच्या मऊ भागाने ठेवा. रीड (तोंडाशी बसवायची पातळ पट्टी) दीड किंवा दोन नंबरचे वापरा. त्यानंतरही होत असेल तर वाद्य आमच्याकडे घेऊन या. एखादे पॅड (चावीखालची भोक झाकणारी गादी) नीट बसत नसेल तर आधी तेच तपासावे लागते.