गेम कन्सोलवरील मीडिया शेअरिंग

गेम कन्सोलवरील मीडिया शेअरिंग : संगणकात साठवलेली गाणी, छायाचित्रे व व्हिडिओ घरातल्या नेटवर्कवरून गेम कन्सोलमार्फत टीव्हीवर पाहण्या-ऐकण्याची सोय. यात फाइल कन्सोलमध्ये उतरवून घ्यावी लागत नाही. संगणक ती थोडीथोडी पुरवत राहतो.

या सोयीचा उगम कुठे धरावा, याबाबत एकमत नाही. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस मूळ एक्सबॉक्ससाठी ‘मीडिया सेंटर एक्स्टेंडर’ आणले, तेथून काही जण सुरुवात मोजतात. इतरांच्या मते मान हौशी प्रोग्रामरांनी २००२ च्या सुमारास लिहिलेल्या ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेयर’चा आहे. त्यातूनच एक्सबीएमसी (एक्सबॉक्स मीडिया सेंटर) हे सॉफ्टवेअर घडले, त्याची १.० आवृत्ती जून २००४ मधली, आणि २०१४ पासून ते ‘कोडी’ नावाने ओळखले जाते. ते फक्त फेरफार केलेल्या कन्सोलवर चाले, म्हणून त्याला अधिकृत इतिहासात जागा देऊ नये, असा आक्षेप घेतला जातो. मात्र एक्स्टेंडरमध्ये मेनूचा पडदा संगणकच रंगवून पाठवी. कन्सोल त्याचा दूरस्थ पडदा ठरे. संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर कन्सोलने स्वतः उघडून त्यातली फाइल स्वतः वाजवायची, हे एक्सबीएमसीने केले. आजच्या अर्थाशी तेच अधिक जुळत असल्याने दुसरे मत ग्राह्य वाटते.

दोन्ही मतांत मानकांचा वाटा झाकला जातो. नेटवर्कवरील उपकरणांनी एकमेकांना आपोआप शोधावे यासाठी मानके ठरवणारा यूपीएनपी फोरम १९९९ मध्ये स्थापन झाला. दृक्‌श्राव्य उपकरणांसाठीचे त्याचे मानक २००२ चे. त्याच्या आधारे डीएलएनए या उद्योगसंघाने (स्थापना २००३, आरंभी वेगळ्या नावाने) सर्व्हर (फाइल पुरवणारा), प्लेयर (ती शोधून वाजवणारा), रेंडरर (सांगितलेली फाइल वाजवणारा) व कंट्रोलर (तशी सूचना देणारा) अशा भूमिका ठरवल्या.

कन्सोल संगणकाला शोधतो कसा, हा यातला सर्वांत सुंदर भाग. तो २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांना पोचणाऱ्या) पत्त्यावर, यूडीपी या संदेशपद्धतीच्या १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, ‘कोणी मीडिया सर्व्हर आहे का?’ अशा आशयाची विचारणा सोडतो. सर्व्हर उत्तरात आपल्या वर्णनाचा पत्ता कळवतो. मग फोल्डरांची यादी एक्सएमएल या मजकूर-स्वरूपात येते, आणि प्रत्यक्ष फाइल साध्या एचटीटीपीने, म्हणजे वेबपाने येतात त्याच पद्धतीने. ही विचारणा सहसा आपल्या सबनेटबाहेर, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या भागाबाहेर, जात नाही. म्हणूनच संगणक मुख्य वाय-फायवर आणि कन्सोल पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असेल, तर सर्व्हर सापडत नाही. संगणकाची फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) हेही नेहमीचे कारण.

जोडणी त्यामानाने सोपी : दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर घ्यायची, संगणकावर मीडिया सर्व्हर चालू करून फोल्डर निवडायचे, आणि कन्सोलच्या व्हिडिओ किंवा संगीत विभागात सर्व्हरचे नाव उघडायचे. मोठ्या व्हिडिओंसाठी केबल बरी.

खरी अडचण फॉरमॅटची. प्लेस्टेशन ३ ला डीएलएनएची सोय मे २००७ च्या १.८० अपडेटने मिळाली. एक्सबॉक्स ३६० ला डिव्हएक्स व एक्सव्हिड या पद्धतींनी संकुचित केलेले व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात वाजवता येऊ लागले. एमकेव्ही हे वेष्टन (चित्र, आवाज व उपशीर्षके एकत्र ठेवणारी फाइल-रचना) मात्र प्लेस्टेशन ३ ने कधीच स्वीकारले नाही. ही उणीव संगणकाने भरून काढली : २००८ च्या सुमाराचा ‘पीएस३ मीडिया सर्व्हर’ फाइल पाठवता पाठवताच बदलून देई. येथे भेद करायला हवा. आतला व्हिडिओ एच.२६४ या कोडेकचा (व्हिडिओ संकुचित करण्याच्या पद्धतीचा) असेल, तर बहुधा फक्त वेष्टन बदलणे पुरते व प्रोसेसरवर ताण येत नाही. कोडेकच चालत नसेल, किंवा उपशीर्षके चित्रात मिसळायची असतील, तर प्रत्येक फ्रेम नव्याने एन्कोड करावी लागते. जुना संगणक तेथे अडखळतो.

पुढच्या पिढीत ही सोय मागे पडली. प्लेस्टेशन ४ (२०१३) तिच्याविना आला, आणि २०१५ मध्ये ती वेगळ्या अॅपने देण्यात आली. डीएलएनए संघ जानेवारी २०१७ मध्ये विसर्जित झाला. प्लेस्टेशन ५ मध्ये डीएलएनए प्लेयर अंगभूत नाही. यूएसबी ड्राइव्ह किंवा प्लेक्ससारखे, संगणकावरच्या आपल्याच सर्व्हरमधून फाइल आणणारे अॅप वापरले जाते.